चाळीस चोऱ्या आणि एक राहिलेलं घर

माझ्या शेजाऱ्याला मी माईकवरून चोर ठरवलं, तेव्हा पहिल्या रांगेत माझे सासरे बसले होते, आणि ते पोलीस खात्यातून निवृत्त झालेले आहेत.

वर्ल्ड कपला अजून अवकाश होता, पण दोह्यात दुसरा विषय उरला नव्हता. सकाळी ज्या रस्त्याने ऑफिसला जावं, तो संध्याकाळपर्यंत दुसरीकडे वळवलेला असे. केस कापणाऱ्यापासून बॉसपर्यंत जो तो फुटबॉलवर बोलत होता. अशा हवेत फरीज बिन ओमरानमधल्या आमच्या बिल्डिंगीत, अगदी समोरच्या फ्लॅटमध्ये, रॉय नावाचा अमेरिकन राहायला आला. त्याची बायको इथल्या एका शाळेत शिकवायला आली होती, आणि तो बायकोबरोबर आला होता. वय साठीच्या आसपास, ताडमाड उंची, पंजा भाकरीएवढा, आणि उजव्या हाताचं एक बोट भलतीकडेच वळलेलं.

एकदा लिफ्टमध्ये मी विचारलं, "रिटायर होण्याआधी काय करायचात?"

"खेळायचो," रॉय म्हणाला. "प्रोफेशनल होतो. पंधरा वर्षं."

कुठला खेळ, हे मी विचारलं नाही. त्या दिवसांत खेळ एकच होता. लिफ्ट वर पोचेपर्यंत माझ्या डोक्यात तो फुटबॉलपटू झाला होता, आणि मी दाराला किल्ली लावेपर्यंत स्टार. (तो खरोखरच स्टार होता. खेळ तेवढा चुकला.)

आमच्या मराठी मंडळाने मुलांचे फुटबॉल सामने ठरवले होते आणि अध्यक्ष वैद्यकाका प्रमुख पाहुणा शोधत होते. मी त्यांना फोन केला.

"अमेरिकन? प्रोफेशनल? आणि तुमच्या ओळखीचा?" वैद्यकाकांचा आवाज चढला.

"ओळख काय, घरोबाच आहे," मी म्हटलं. घरोबा म्हणजे दोनदा लिफ्ट आणि एकदा त्यांच्याकडे चुकून गेलेलं आमचं कुरियर.

रॉयने आनंदाने होकार दिला. बॅनर छापून आला. त्यावर फुटबॉलच्या चित्राशेजारी रॉयचा हसरा फोटो होता. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी माझी बायको मंजिरी रॉयच्या बायकोकडे चहाला गेली आणि आल्या आल्या म्हणाली, "अरे, तो बेसबॉल खेळायचा."

"बॉल आहे ना त्यात?" मी म्हटलं.

"इन्फिल्डर होता म्हणे. सेकंड बेस, शॉर्टस्टॉप."

"म्हणजे काय?"

"मला काय माहीत? पण पायाने खेळत नव्हता एवढं नक्की."

मी घाबरत वैद्यकाकांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "कार्यक्रम उद्या सकाळी आहे आणि बॅनर मैदानावर पोचलाय," ते म्हणाले. "आता त्यांनी कॅरम खेळलेला असला तरी चालेल. खलास. फक्त एक करा. पहिल्या रांगेतल्या मंडळींना इंग्रजी झेपत नाही. भाषणाचं मराठी तुम्ही करा."

पहिल्या रांगेतली मंडळी म्हणजे आईवडील आणि सासूसासरे. दोह्यात हिवाळा हा त्यांचा सीझन असतो. थंडी सुरू झाली की पुण्या-नाशिकहून ते येतात, आणि उकडायला लागलं की लोणच्याच्या बरण्या मागे ठेवून परत जातात. आमच्याकडे त्या वर्षी नाशिकहून माझे सासरे आले होते. त्यांना सगळे बाबा म्हणतात. आयुष्यभर चोर पकडण्यात गेल्यामुळे ते कुणाशीही बोलताना आधी त्याच्या हातांकडे बघतात.

"रॉय म्हणजे बंगाली का?" त्यांनी गाडीत विचारलं.

"नाही बाबा, अमेरिकन."

"बोट कशाने मोडलं त्यांचं?"

"खेळताना मोडलं असेल."

"हं," बाबा म्हणाले. बाबांचं 'हं' म्हणजे तपास सुरू झाला असं समजायचं.

एका शाळेचं मैदान घेतलं होतं. समोर खुर्च्या, मागे बटाटेवड्यांचा स्टॉल. इंग्रजी उत्तम कळणारी सगळी मंडळी स्टॉलवर होती आणि अजिबात न कळणारी खुर्च्यांवर. मध्ये माईक घेऊन मी.

सुरुवात झकास झाली. रॉय म्हणाला की तो एका छोट्या गावात वाढला, वडिलांचं टायरचं दुकान होतं. मी तसंच्या तसं मराठीत सांगितलं. टाळ्या पडल्या. मला वाटलं, हे आपल्याला जमतं. तिथेच घात झाला.

रॉय म्हणाला की अठराव्या वर्षी त्याला करारावर घेतलं आणि पहिली चार वर्षं तो 'मायनर्स'मध्ये होता. मायनर लीग म्हणजे मोठ्या संघात जाण्याआधीची खालची पायरी, हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मी ठणकावून सांगितलं, "पहिली चार वर्षं त्यांना अल्पवयीन मुलांबरोबर ठेवलं होतं."

बाबा शेजारच्या आजींकडे झुकले. "बालसुधारगृह," ते हळूच म्हणाले.

मग रॉय रंगात आला. बेसबॉलमध्ये मैदानाचे चार कोपरे असतात, त्यांना बेस म्हणतात. चेंडू टाकणाऱ्याचं, म्हणजे पिचरचं, लक्ष चुकवून एका कोपऱ्यावरून पुढच्या कोपऱ्यावर धूम ठोकली, की बेस चोरला असं म्हणतात. रॉय त्यात पटाईत होता. एका मोसमात आपण चाळीस बेस चोरले, असं तो अभिमानाने म्हणाला. बेस म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी तो शब्द गाळला.

"एका वर्षात यांनी चाळीस चोऱ्या केल्या," मी म्हटलं.

रॉय लाजून हसला. बाबांनी खिशातून चष्मा काढून लावला.

"आणि पकडले गेले फक्त सहा वेळा."

वैद्यकाकांनी सवयीने टाळी वाजवली. ती एकटीच वाजली.

पण रॉय थांबेना, त्यामुळे मलाही थांबता येईना. तो आणि त्याचा जोडीदार 'हिट अँड रन'साठी प्रसिद्ध होते, असं तो म्हणाला. एकाने चेंडू मारायचा आणि दुसऱ्याने त्याच क्षणी पळत सुटायचं, असा तो डाव. मी सांगितलं, "ठोकायचं आणि पळून जायचं, यात यांच्या जोडीचा हात धरणारा कुणी नव्हता." पुढे एका संघाने त्याला दुसऱ्या संघाकडे सोपवून बदल्यात दुसरा खेळाडू घेतला. मी सांगितलं, "मग त्यांना विकलं. बदल्यात एक माणूस घेतला."

दुसऱ्या रांगेत रत्नागिरीचे इक्बालभाई होते. ते हमद पोर्टवर कंटेनरचं काम बघतात. "याला आमच्या पोर्टाचा गेट पास मिलायचा नाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

रॉय शेवटाकडे आला. वय झालं, गुडघे गेले आणि क्लबने त्याला रिलीज केलं. "पंधरा वर्षांनी अखेर सुटका झाली," मी म्हटलं.

"नुसत्या चोरीला पंधरा वर्षं होत नाहीत," बाबा म्हणाले. आता ते हळू बोलत नव्हते. "अजून काहीतरी आहे. हे सांगत नाहीयेत." आणि ते उभे राहिले. "जावईबापू, त्यांना विचारा. झाल्या गोष्टीचा पश्चात्ताप होतो का?"

मी विचारलं. रॉय एकदम गंभीर झाला. त्या खेळात धावत चारही कोपरे पुरे केले की शेवटच्या कोपऱ्याला 'होम' म्हणतात. तो चोरणं सगळ्यात अवघड. शेवटच्या मॅचमध्ये तशी संधी आली होती, पण आपण कचरलो, ही खंत अजून जात नाही, असं तो खोल आवाजात म्हणाला.

"एकाच गोष्टीचा होतो," मी भाषांतर केलं. "शेवटी एक घर राहिलं. संधी चांगली होती, पण चोरायला धीर झाला नाही."

रॉय बिचारा मुलांकडे मायेने बघत म्हणाला, "मला जे जे येतं ते सगळं या मुलांना शिकवायची इच्छा आहे."

हे मी भाषांतर करायला नको होतं. पण केलं.

आयांनी पटापट मुलांचे हात धरले. दोन आज्यांनी पर्स मांडीखाली घेतल्या. बाबा पाहुण्यांच्या दिशेने निघाले, आणि त्यांची ती चाल बघून मला लग्नाआधी त्यांनी घेतलेली माझी मुलाखत आठवली. तेवढ्यात स्टॉलवरून मंजिरी हातात वड्याची प्लेट घेऊन धावत आली.

"अरे, काय बोलतोयस तू? घरं नाही, बेस चोरायचा तो."

"बेस म्हणजे काय पण?" मी ओरडलो. माईक चालूच होता.

रॉयने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काही गडबड झाली का?"

कधीतरी सांगायला लागणारच होतं. "रॉय," मी म्हटलं, "मी या सगळ्यांना सांगितलंय की तुम्ही चोर आहात. चाळीस चोऱ्या, पंधरा वर्षं तुरुंग. आणि आता मुलांना शिकवणार आहात."

मला वाटलं, आता हा पंजा आपल्या गालावर येतो. पण रॉय असा हसला, असा हसला, की शेवटी त्याला खुर्चीवर बसावं लागलं. मग डोळे पुसून तो उठला, पहिल्या रांगेतल्या आजींकडून त्याने अदबीने त्यांच्या चपला मागून घेतल्या, चार कोपऱ्यांवर चार चपला मांडल्या आणि इक्बालभाईंच्या हातात मुलांसाठी आणलेल्यांतलं एक संत्रं दिलं. इक्बालभाई संत्रं टाकायचा आव आणतायत तोवर साठीचा रॉय एका चपलेवरून दुसऱ्या चपलेपर्यंत असा सुटला, आणि शेवटी इस्त्रीच्या पँटवर घसरत असा पोचला, की धुळीतून त्याचे फक्त दात दिसत होते.

बाबा जागच्या जागी थांबले. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. "अहो, या तर आट्यापाट्या," ते म्हणाले. "पाटी अडवायची, चुकवून पुढे जायचं. पोलीस स्पर्धांत मी अडवायला असायचो." त्यांनी चष्मा मंजिरीकडे दिला, पँटचे पाय वर दुमडले आणि तिसऱ्या चपलेपाशी हात पसरून उभे राहिले. "यल्ला," ते रॉयला म्हणाले. यल्ला म्हणजे चला; दोह्यात येऊन शिकलेला हा त्यांचा एकुलता एक शब्द.

रॉय सुटला. डावीकडे झुकला, उजवीकडे वळला, आणि बाबांनी त्याच्या पाठीत धपकन हात घातला. "पकडला," बाबा म्हणाले. इतका निर्मळ आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. रॉयने सातव्यांदा पकडला गेलो म्हणून दोन्ही हात वर केले, आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पार्किंगमधले ड्रायव्हर बघायला आले.

त्यानंतर कुणालाच आवरता आलं नाही. मुलं धावली, आया धावल्या, आज्या अनवाणीच बसून ओरडत राहिल्या. वैद्यकाका शिट्टी घेऊन "फुटबॉल, फुटबॉल" करत फिरत होते. अख्खा देश फुटबॉलची वाट बघत असताना आमच्या मैदानावर तो दिवसभर पिशवीतच राहिला. रॉयने मला शॉर्टस्टॉप केलं, म्हणजे मधे उभं राहून चेंडू अडवणारा. पहिलंच संत्रं मी नाकाने अडवलं.

बाबा पुढे दोन महिने होते. रोज संध्याकाळी समोरचं दार वाजवायचे आणि दोघे खाली फिरायला जायचे. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला इंग्रजी. तरी रॉयला नाशिकच्या निम्म्या गुन्हेगारांची माहिती झाली आणि बाबांना अमेरिकेतल्या पिचरांची. बाबा परत गेल्यावरही दोघांचे व्हिडिओ कॉल चालतात. मागे सुट्टीत मी नाशिकला गेलो होतो. खोलीतून हसण्याचा आवाज आला म्हणून मी मदतीच्या भावनेने आत डोकावलो आणि म्हटलं, "बाबा, काय म्हणतायत ते? सांगू का मराठीत?"

बाबांनी फोनवर हात ठेवला. "जावईबापू," ते म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर थांबा. आमचं नीट चाललंय."