सत्तावीसचं प्रेशर

डाव्या डोळ्याचा निकाल तरुणपणीच लागला. डिलाईल रोडच्या मैदानात कबड्डीची चढाई करताना एकाचं कोपर बसलं आणि तो डोळा नावापुरता उरला; खेळ मात्र लग्नानंतरही चालू राहिला. तेव्हापासून माझा सगळा कारभार उजव्या डोळ्यावर. मधुमेहाने त्याच्याही पडद्यावर सूज आणली, म्हणून डॉक्टरीणबाईंनी डोळ्याच्या आत स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. सूज उतरली. पण त्या म्हणाल्या, "काका, या औषधाने काही जणांच्या डोळ्याचं प्रेशर वाढतं. दुखत नाही, कळत नाही, आणि आतली नस सुकत जाते. दर महिन्याला मोजायला यायचं."

पहिल्या महिन्यात सव्वीस भरलं. एकवीसपर्यंत ठीक असतं म्हणे. थेंब सुरू झाले. दुसऱ्या महिन्यात सत्तावीस. पुढच्या वेळी उतरलं नाही तर ऑपरेशनचा विचार करू, असं बाई म्हणाल्या.

थेंब चुकवल्याचा आळ बायकोने माझ्यावर घेतला. मी घड्याळ लावून घालत होतो. रात्री उजवा डोळा मिटून अंधार किती होतो तेही बघत होतो, आणि घाबरत होतो. ते तिला सांगितलं नाही.

तिसऱ्या खेपेला ती सोबत आली, कारण माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास नाही. वाटेत मैदान लागलं. मी सवयीने म्हणालो, "इथे काय चढाया केल्या मी!"

"मला काय ठाऊक? एक सामना बघितला नाही तुमचा. कपडे तेवढे धुतले."

लग्नाआधी ती मैदानासमोरच्याच चाळीत राहायची, तरी चाळीस वर्षं हेच ऐकवत आली आहे.

तपासणीच्या खोलीत ती मागच्या स्टुलावर बसली. मी यंत्राला हनुवटी टेकवली. निळा दिवा डोळ्याला भिडायला आला. "हलू नका, काका."

"अठ्ठावीस," म्हणून बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम," मागून बायको म्हणाली, "हे दम धरून बसलेत. चढाईला जायच्या आधी रेषेवर अशीच मान फुगायची यांची."

बाईंनी वाकून पाहिलं. "काका, श्वास रोखून धरला की प्रेशर चढतं. सोडा बघू."

मैदानात दम सोडला की बाद, हे बाराव्या वर्षापासून अंगात मुरलेलं. मोठ्या कष्टाने सोडला. अठरा भरलं. पुन्हा मोजलं, तरी अठरा. म्हणजे थेंब लागू पडत होते आणि दर महिन्याला मीच वर चढवत होतो. ऑपरेशन टळलं. मला रडू आलं, ते मी औषधाच्या पाण्यावर खपवलं.

जिन्यात मी बायकोला विचारलं, "माझी मान फुगायची, हे तुला कसं ठाऊक?"

तिने माझा हात धरला.

"कोपर बसलं तोपर्यंतचे सगळे सामने बघितले," ती म्हणाली. "पायऱ्या बघा."