पाचवीची पाहुणी

देव आहे की नाही, यावर मी लहानपणापासून भांडत आले. माझे वडील मोर्चाहून परतताना पत्रकं घेऊन यायचे. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून चुलीपुढे बसून मी ती मोठ्याने वाचायचे आणि ते मान डोलवायचे. त्या कागदांनी मला ताठ मानेने बोलायला शिकवलं, त्याबद्दल मी आजही ऋणी आहे. पण शरण जाणं हा शब्द त्यांत शिवीसारखा यायचा. शरण जायला लावतो तो मुकादम, तो सावकार. आपल्या मनाने कुणी कशाला शरण जाईल, असं मला वाटे. म्हणून हा अनुभव लिहायला बसले तेव्हा हात अडखळला. तरी जसं घडलं तसं सांगते.

मी दारू प्यायचे. लग्नानंतर नवऱ्याबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले. दिवसभर चिखल तुडवून, विटा थापून पाठ मोडायची आणि संध्याकाळी मुकादम स्वतःच बाटल्या आणून द्यायचा, सकाळी मजूर पुन्हा उभा राहावा म्हणून. पुरुष प्याला की ‘दमलाय बिचारा’, बाई प्याली की ‘बिघडली’. या न्यायाचा मला तेव्हाही संताप यायचा, अजूनही येतो. पण संतापाने दारू सुटत नाही. दिवस गेले तेव्हा मी घाबरून सरकारी दवाखान्यात गेले. एकदम सोडलीस तर जिवावर बेतेल, असं सांगून डॉक्टरीणबाईंनी मला ठेवून घेतलं आणि हातांची थरथर थांबेपर्यंत घरी जाऊ दिलं नाही. तिथून मी पोशेऱ्याला सासूकडे आले. सासूने उंबऱ्यातच बजावलं, “एक घोट जरी घेतलास तरी पोर तुझ्यापाशी नाय ऱ्हाणार. दाभोशाला माझ्या लेकीकडं देईन. ती वाढवील.”

ती दुष्ट नव्हती. तिचा सख्खा भाऊ दारूत गेला होता. मला खायला घालण्यात तिने कधी हात आखडला नाही, पण तिची नजर सारखी माझ्यावर असायची, राखणदारासारखी. अंगणवाडीच्या ताई घरी येऊन समजावून गेल्या होत्या, की बाळ झालं की हिला अंगावर पाजू द्या, पीत नाही तोवर हिचं दूध चांगलंच आहे. मात्र तिन्हीसांजेला हिला एकटी सोडू नका. तीच माझी वाईट वेळ होती. दिवस कलला की घसा आपोआप वाट बघू लागे. पण ‘आई, जरा माझ्यापाशी बसता का?’ एवढं म्हणणंही मला कमीपणाचं वाटे. दात आवळून मी ती वेळ एकटीच काढत होते. भात झोडून खळी रिकामी झाली, नवरा पुन्हा भट्टीवर गेला, आणि मला मुलगी झाली.

दवाखान्यातून घरी आलो आणि पाचवी आली. आमच्याकडे पाचव्या दिवशी सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते असं मानतात. सुईण पाटा मांडून पूजा करते, तांदळाची रास घालते, मोहाच्या दारूची धार देवीला सोडते. मग पानाच्या द्रोणात तीच दारू प्रसाद म्हणून बाळंतिणीला, आणि नंतर साऱ्या बायकांना. आमच्या घरात आणखी एक रीत आहे. त्या दिवशी परकी बाई दारात आली, तर ती सटवाईची पाहुणी. पहिला द्रोण तिचा.

सकाळीच सासूने बाटली आणून पाट्यापाशी ठेवली.

“आई, तुम्हीच म्हणालात ना, एक घोटसुद्धा नको?”

“तो दारूचा. ह्यो देवीचा.”

“घोटाला काय कळतंय, कुणाचा ते?”

“तू मना नको शिकवू. तुझ्या बापाच्या कागदांत सटवाई नव्हती.”

म्हातारी सुईण हसली. “पिऊ दे गं थोडी. बाळंतिणीच्या अंगाला ऊब येते. आन् मी एवढी डोंगर चढून आले ती काय नुसता तांदूळ बघायला?”

सासू मला पाडायला बघत नव्हती. नातीचं नशीब वाईट लिहिलं जाऊ नये, एवढीच तिला काळजी होती. हे कळत असल्यामुळेच मला भांडता येईना. मनात एक अख्खं भाषण तयार होतं, रूढीवर, बायकांवर लादलेल्या ओझ्यावर; त्यातलं अक्षरही ओठांवर आलं नाही. कारण सुईणीने बूच काढलं होतं. मोहाचा तो वास खोलीभर पसरला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. तेव्हा मला स्वच्छ कळलं, की द्रोण पुढे आला तर मी घेणार, आणि एकावर थांबणार नाही. मुलगी माझ्या मांडीवर झोपली होती. तिच्याकडे बघत मी मनात म्हटलं, मला जमत नाही. कुणी असशील तर आता तू बघ. आयुष्यात पहिल्यांदा मी असं म्हटलं.

“बाय, पाणी मिळंल का घोटभर?”

दारात एक बाई उभी होती. डोक्यावर सुकटीची टोपली, पदराने कपाळ पुसत होती. जव्हारहून मोखाड्याच्या बाजाराला निघालेली जीप आमच्या उतारावर पंक्चर झाली होती. तिच्याबरोबर सुक्या मासळीचा वास आत आला आणि मोहाच्या वासावर बसला.

सासूची धांदल उडाली. “आत ये, आत ये! आज पाचवी हाये पोरीची.” तिने टोपली उतरवून घेतली, बाईला पाटावर बसवलं. सुईणीने रीतीप्रमाणे पहिला द्रोण भरून तिच्यापुढे धरला. बाईने द्रोणावर हात आडवा धरला.

“ही नको. पेज असली तर द्या.”

“अगं, देवीची हाये.”

“असंल. मना पेज द्या.”

सासू बाटलीकडे बघत होती, मग पाहुणीकडे. शेवटी सुईणच म्हणाली, “पाहुणीनं नाय घेतली, म्हंजे सटवाईनं नाय घेतली. आता आपण कशी घ्यायची? झालं, माझा घसा कोरडाच!” आणि तिने स्वतःच बूच घट्ट लावलं.

चुलीवर माझ्यासाठी नागलीची पेज होती. सासूने तिची धार देवीला सोडली, मग पाहुणीला दिली, मग मला. पाहुणी फुंकर घालत सावकाश प्याली. निघताना माझ्यापाशी वाकून म्हणाली, “अंगावर पाजतेस ना? मग पेज पी भरपूर.” खालून जीपचा भोंगा वाजला आणि ती टोपली उचलून उतरून गेली.

त्या दिवशी सूर्य कलला तेव्हा मी हाक मारली. “आई, या वेळेला मला एकटीला भीती वाटते. बसाल का?” सासू हातातलं सूप ठेवून आली, नातीला मांडीवर घेतलं आणि बसली. तेव्हापासून ती रोज बसते. कधी माझ्या पाठीला तेल लावते, कधी नुसती शेजारच्यांच्या कोंबड्यांना शिव्या देते. घसा अजून वाट बघतो. पण आता आम्ही दोघी त्याला बघून घेतो.

परवा ती पहिल्यांदाच मुलीला माझ्यावर सोडून मोखाड्याच्या बाजाराला गेली. पोरीला दाभोशाला द्यायचं नाव तिने काढलं नाही, फक्त म्हणाली, “दिवस मावळायच्या आत येते.” आलीही. कागदाचा पुडा माझ्यापुढे ठेवत म्हणाली, “तुझी सटवाई भेटली बाजारात. भाव काय कमी करीत नाय बाय! पण वरतून मूठभर घातली, पोरीच्या आयशीला म्हणून.”

म्हणजे ती साधी सुकट विकणारी बाई होती. हे ऐकून माझी श्रद्धा कमी व्हायला हवी होती, ती वाढली. मागणाऱ्याकडे देव पंक्चर झालेल्या जीपमधूनही माणूस पाठवतो, आपण फक्त जमत नाही हे कबूल करायचं असतं. मुकादमापुढे मी आजही वाकणार नाही. पण त्या संध्याकाळी सुकट निवडण्याआधी मी पुड्याला हात लावून नमस्कार केला, आणि सासू हसली नाही.