बँकेत गेलेले चार चेक

बँकेचा विषय निघाला की आमच्या चौघांत कुणालाच गप्प बसवत नाही. एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याचा तयार! आम्ही सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याखालचे हळदवाले. यंदा हळद एकत्र विकली, व्यापाऱ्यानं चौघांच्या नावे चार चेक दिले. आमच्यातला नामदेव ते एका पाकिटात घालून बँकेत देऊन आला, आणि चेक गायब!

पहिल्या दिवशी चौकशीला गेलो, तर बँकेतल्या बाबूनं पावती मागितली.

नामदेव म्हणाला, "चेकची पेटी भरलेली व्हती, तुमी जेवायला गेल्ते. टेबलावर ठिवलं न् आलो."

"मग टेबलालाच विचारा!"

*

मॅनेजर मात्र गोड माणूस. आम्ही म्हणालो, "साहेब, हरवले म्हणून लिहून द्या, व्यापारी नवे चेक देतो."

"अहो, आमच्याकडे आलेच नाहीत. जे आलंच नाही ते हरवेल कसं?"

बाहेर आल्यावर आमच्यातला शेषराव म्हणाला, "मानूस हुशार हाय. आपल्यालाच खोटं पाडलं, वर चहा पाजला!"

*

मग शेषरावनं मोबाईलवर तक्रार केली. संध्याकाळी मेसेज आला: तक्रारीचं निवारण झालं, स्टार द्या. पठ्ठ्यानं पाचही दिले!

"काहून दिले बे?"

"कमी दिले न् चिडले तर?"

*

आता हसतो, पण तेव्हा चेकची मुदत संपत आली होती आणि संशय नामदेववर होता. त्याला चहाला हाक मारणं बंद झालं. त्याची बायको कौसाबाई तेवढी ठाम.

"ह्यांना खोटं बोलता येत असतं, तर मला पाहायला आले तवा 'मी घोरतो' म्हणून सांगितलं असतं काय?"

*

शेवटी बँकेतच भडका उडाला. शेषराव सगळ्यांसमोर ओरडला, "देवापुढं हात ठिवून सांग, पाकीट हितंच दिलं म्हणून!"

नामदेवच्या डोळ्यांत पाणी आलं. तो तडक कोपऱ्यातल्या गणपतीच्या फोटोपुढं गेला, फळीवर हात ठेवला आणि तसाच थांबला. अगरबत्तीच्या राखेतून त्यानं एक पाकीट उचललं.

"आरं, ह्ये तर आपलंच!"

चारही चेक आत, जसेच्या तसे! आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. शेषरावनं भर बँकेत नामदेवला मिठी मारली, आणि दोघंही रडले.

तेवढ्यात शिपाई मामा धावत आले. "टेबलावर पडलं व्हतं. कोपऱ्याला हळद लागलेली. मला वाटलं, लग्नपत्रिका हाय. पयली देवाला ठिवली."

"मामा, उघडून तरी पाहायचं!"

मामांनी कानाला हात लावला. "देवाला आलेली पत्रिका आपण कशी उघडावी?"