नऊ खुरपी

ती दुपार आजही जशीच्या तशी आठवते. आर्णी भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. ऑगस्टमधला शनिवार. सकाळी थोडी उघडीप मिळाली म्हणून शेतकऱ्यांनी तण काढायला निंदणाच्या बाया शेतात बोलावल्या, आणि अकराच्या सुमाराला वरच्या भागात असा पाऊस कोसळला की तासाभरात नाल्यांचं पाणी रस्त्यांवर चढलं. ठाण्यात गाड्या दोन. एक पुलावर अडकलेली, दुसरी माझ्याकडे. निम्मे अंमलदार पाण्यात उभे, आणि पूर पाहायला पुलावर येणाऱ्या शहाण्यांना हाकलून बाकीच्यांचा घसा बसलेला. आपल्याकडे माणूस पुराला घाबरत नाही, फोटो हुकेल म्हणून घाबरतो.

साडेबाराला बायकोचा फोन आला. यवतमाळला कॉलेजात शिकणारी आमची मुलगी दहाच्या बसने निघाली होती. एरवी तास-दीड तासाचा रस्ता. बस आली नव्हती आणि तिचा फोन बंद होता.

"अहो, पोलीस आहात ना तुम्ही? मग शोधा की पोरीला," एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

आगार, वाटेतलं ठाणं, नियंत्रण कक्ष, सगळीकडे विचारून झालं. बसचा पत्ता नाही. त्यानंतर मी काय केलं ते स्टेशन डायरीत कधी लिहिलं नाही, इथे लिहितो. टोपी घातली, जीपमध्ये बसलो आणि चालकाला म्हणालो, "यवतमाळ रोडनं घे." कोणाला काही सांगितलं नाही. भेदरलो होतो, दुसरं काय.

जीप फाटकातून बाहेर पडते तोच ठाणे अंमलदार हाका मारत मागे आले. एका फाट्यावरच्या किराणा दुकानदाराने फोनवर खबर दिली होती. सकाळी निंदणाच्या नऊ बाया घेऊन गेलेली मालवाहू पिकअप आत्ता रिकामी परत गेली. आत एकटा ड्रायव्हर होता, हात केला तरी थांबला नाही.

"साहेब, तुम्ही कुठं निघाले?" अंमलदारांनी विचारलं. आमच्या एका महिला अंमलदाराला जीपमध्ये घेतलं आणि गाडी फाट्याकडे वळवायला सांगितली.

दुकानदाराने ड्रायव्हरचं घर सांगितलं होतं. वस्तीच्या कडेला, नाल्याला लागून. घरात पोटरीभर पाणी. तो अंगणात उभा होता आणि कडेवर पाच-सहा वर्षांची मुलगी.

"बाया कुठं आहेत?"

"त्यायले गावाजवळ उतरवून देलं साहेब. पायी गेल्या त्या घरी."

"किती वेळ झाला?"

"अर्धा घंटा झाला असंन."

उत्तरं चटाचट येत होती. चौकशीत मला अडखळणाऱ्या माणसापेक्षा असा माणूस जास्त खटकतो, कारण त्याने उत्तर आधीच घोकलेलं असतं. बायांच्या गावच्या पोलीस पाटलांना फोन लावला. एकही बाई पोहोचली नव्हती.

"येऊन राह्यल्या असतीन वाटेनं," तो म्हणाला.

तेवढ्यात महिला अंमलदाराने पिकअपवरची ताडपत्री उचलली आणि मला हाक मारली. आत जेवणाच्या डब्यांच्या पिशव्या होत्या आणि नऊ खुरपी. प्रत्येकाच्या मुठीला वेगवेगळ्या रंगाची चिंधी गुंडाळलेली.

"साहेब, हा खोटं बोलून राह्यला," ती म्हणाली. तिची आई आयुष्यभर निंदणाला गेलेली. "निंदणारी बाई आपलं खुरपं कोणाले देत नाही, अन् गाडीत ठेवून घरी तर जातच नाही. मूठ हाताले बसलेली असते. मेहनतीनं बसवते ती. ह्या बाया घरी गेल्याच नाहीत. मधातच कुठंतरी उतरल्या, लगेच परत बसाच्या हिशोबानं."

माझं डोकं सणकलं. मी त्याच्यावर हात उचलला. कडेवरच्या पोरीने त्याच्या मानेत तोंड खुपसलं आणि माझा हात तिथेच राहिला. मग जे बोललो ते कुठल्या प्रशिक्षणात शिकलो नव्हतो.

"माझी मुलगी एका बसमध्ये आहे. ती बस कुठं आहे मला ठाऊक नाही. तुझी तुझ्या कडेवर आहे. आता सांग, त्या बाया कुठं आहेत?"

तो मटकन पाण्यात बसला.

त्याची बायको बाळंतपणासाठी दवाखान्यात होती आणि पोरगी घरात एकटी. पाणी वाढतंय कळल्यावर त्याने बाया घेऊन घाईने गाडी काढली. वाटेत दोन नाले. पहिला ओलांडला, दुसऱ्यावर चाकं घसरायला लागली. "म्या म्हनलं, उतरा, गाडी हलकी होऊ द्या, पल्याड थांबून दोर टाकतो, त्याले धरून या. उतरल्या बिचाऱ्या. पल्याड गेलो अन् थांबलोच नाही साहेब. डोयासमोर पोरगीच दिसे."

म्हणजे नऊ बाया दोन नाल्यांच्या मध्ये, आणि पाणी दोन्हीकडून चढत होतं. बचाव पथकाची बोट दुसऱ्या गावात अडकली होती. मी तिची वाट पाहिली नाही. एक ट्रॅक्टर, जाड दोर, ट्रकच्या ट्यूबा आणि पोहणारे चार भोई जमवले. जागा दाखवायला ड्रायव्हरला सोबत घेतलं. बाया एका विहिरीवरच्या मोटारघराच्या स्लॅबवर एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या. एकेक करून अलीकडे आणायला दोन तास लागले. त्या दोन तासांत खिशातला फोन तीनदा वाजला. मी दोर धरला होता, फोन काढला नाही. नववी बाई काठाला लागल्यावरच काढला.

बस एका गावाअलीकडे सुखरूप थांबलेली होती. प्रवाशांना शाळेत बसवून गावकऱ्यांनी पिठलं-भाकर खाऊ घातली होती. मी ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून रडलो. अंमलदारांनी पाहिलं, तर पाहिलं.

ठाण्यात जबाब घेताना मी त्या नऊ जणींच्या मुकादम बाईंना म्हणालो, त्याची पोरगी घरी एकटी होती. खरं तर त्याच्या आडून मी स्वतःचीच बाजू मांडत होतो.

"लेकरू काय त्यालेच हाय?" त्या म्हणाल्या. "आमी नऊ जणी होतो साहेब. नऊ घरी लेकरं वाट पाहून राह्यले होते. लिहा तक्रार."

मी ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि गुन्हा दाखल केला. त्याच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की मला फाटकातच हाक ऐकू आली.

ज्याला आपलं लेकरू कुठे आहे हे ठाऊक नाही, त्याच्या हातात दुसऱ्याचा दोर देऊ नये, हे मी त्या दिवशी शिकलो. पुढे निवृत्त होईपर्यंत पुराच्या बंदोबस्तात माझा पहिला हुकूम एकच असायचा. एका अंमलदाराने फक्त सगळ्यांच्या घरी फोन करायचे, कोणाचं पोर कुठे आहे ते विचारायचं आणि पाण्यात उभ्या असलेल्या बापाला, आईला ते कळवायचं. वरिष्ठांनी एकदा विचारलं, एक माणूस वाया का घालवता? मी तो माणूस त्या कामावरून हलवला नाही.

त्या संध्याकाळी मुलगी घरी आली तेव्हा म्हणाली, "बाबा, पोलिसांची गाडी दिसली की मला वाटायचं तुम्हीच आले." मी तिला खरं सांगितलं, निघालो होतो आणि मधूनच वळलो. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

आज ती तहसीलमध्ये नोकरीला आहे, पावसाळ्यात तिची ड्यूटी पूर नियंत्रण कक्षात असते. आभाळ भरून आलं की तिचा फोन येतो, "बाबा, चिऊ शाळेतून आली का बघा, मला हलता येत नाही." मी छत्री घेऊन निघतो, नातीचं बोट धरून घरी आणतो आणि आधी तिच्या आईला कळवतो.