जुळ्यांतली थोरली

जावा बेटावरच्या क्लातेन शहराजवळच्या त्या गावात रुमिनीएवढ्या ताठ मानेचं माणूस दुसरं नव्हतं, आणि ताठ मानेखेरीज तिच्याकडे मिरवण्यासारखं काही नव्हतंही. सकाळी बाजारात टोपलीभर तेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, घेऊन बसायची आणि कुणी भाव केला की त्याच्या सात पिढ्यांची अक्कल काढायची. तिची जुळी बहीण लास्त्री तीन गावं पलीकडे राहायची. स्वभावाने हीच, फक्त अंगाने जरा रुंद.

भांडण कशावरून? थोरली कोण, यावरून! रुमिनी आधी जन्मली, सरकारी दाखल्यावरही तसंच. पण जावातली जुनी माणसं जुळ्यांत मागून येणाऱ्याला थोरलं मानतात. थोरलं समजूतदार, ते धाकट्याला पुढे घालून मग स्वतः निघतं म्हणे. म्हणजे लास्त्री थोरली. समजूतदारपणाचा एवढा एकच पुरावा तिने दिला, तोही जन्माला यायच्या आधी.

आई होती तोवर निभावलं. ईदच्या सकाळी आई वेताच्या खुर्चीत बसायची आणि दोघी तिच्या गुडघ्यांवर डोकं टेकून वर्षभराच्या चुकांची माफी मागायच्या. आई गेल्यावर पहिल्याच ईदला दोघी एकदम त्या खुर्चीकडे धावल्या. धाकटीने थोरलीपुढे वाकायचं हा रिवाज, आणि इथे धाकटी कुणीच नव्हती.

"ऊठ, मी थोरली!" रुमिनी ओरडली.

"तू? मी वाट करून दिली म्हणून जगात आलीस!"

शेवटी लास्त्री खुर्ची डोक्यावर घेऊन चालती झाली. तेव्हापासून दर ईदला दोघी आपापल्या घरी केतुपात, नारळाच्या पानांत बांधलेला ईदचा भात, शिजवून, नवे कपडे घालून, दुसरी वाकायला येईल म्हणून वाट बघत बसायच्या. संध्याकाळी तो भात कोंबड्यांना. इतक्या वर्षांत त्या भांडणाने भलं झालं ते कोंबड्यांचं.

लास्त्रीचा मुलगा सुगेंग मात्र नेमाने यायचा आणि आईच्या हुकुमाप्रमाणे हाक मारायचा, "धाकटी मावशी!" रुमिनी भिंतीकडे तोंड करून बसायची. बिचारा पाठीलाच नमस्कार करून परत जायचा.

यंदा तो आला तो पडलेल्या चेहऱ्याने. "आईला हल्ली काही आठवत नाही, मावशी. परवा मलाच विचारलं, तुम्ही कुणाचे म्हणून."

रुमिनी भिंतीकडून गर्रकन वळली. पण तोंड तिचं थोडंच ऐकणार? "मग चल लवकर. माफी कशाची मागायची तेच विसरली म्हणजे?"

केतुपातचा डबा घेऊन ती त्याच्या मोटरसायकलवर मागे बसली. वाटभर घोकत होती, की जाऊन बसायचं, पाय पुढे करायचे आणि ती वाकेपर्यंत हलायचं नाही. वाऱ्याने डोळ्यांना पाणी येतंय, असं तिने सुगेंगला दोनदा सांगितलं. त्याने विचारलं नव्हतं.

घरात शिरून ती तडक आईच्या खुर्चीत बसली. आतून लास्त्री आली, वाळून चिपाड झालेली. रुमिनीकडे टक लावून बघत राहिली. मग एकाएकी पुढे येऊन खाली बसली आणि तिच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं. झालं! जिंकल्या रुमिनीबाई.

"आई," लास्त्री म्हणाली, "कुठे गेली होतीस गं? ताईला बोलाव ना. रागावलीय ती माझ्यावर. तिला सांग, तूच थोरली. खुर्चीपण घे म्हणावं. नुसती ये म्हणावं."

रुमिनी म्हातारपणी हुबेहूब आईसारखी दिसायला लागली होती, हे सगळा बाजार बोलायचा. तिने बहिणीच्या विरळ केसांवर हात ठेवला आणि आईच बोलली असती तसं बोलली, "येईल हो. दोघी सारख्याच मूर्ख गं माझ्या."

केतुपात खाऊन लास्त्रीचा डोळा लागला, तेव्हा सुगेंग मावशीला पोचवायला निघाला. अंगणात त्याने वाकून म्हटलं, "चला, थोरली मावशी."

"थोरली कुणाला म्हणतोस रे?" ती खेकसली. "आईने काय शिकवलंय तुला? धाकटी मावशी म्हण. आणि उद्या सकाळी परत न्यायला ये. मला माफी मागायचीय अजून."