आईचा तळहात

नारपोलीच्या आमच्या कापडाच्या कारखान्यात लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटात कानांनी काही कळायचं नाही. मोटर चालू आहे की बंद, हे आई तळहात टेकवून, थरथरीवरून ओळखायची. केबिनमधल्या बाबांच्या कॉम्प्युटरलाही जाता-येता तसाच हात लावायची आणि ओरडायची, "परत पत्ते चालू हायेत ना?"

लूम भंगारात गेले, मग बाबाही गेले. "हे डबडं पण भंगारात दे," असं भाऊ म्हणाला तेव्हा मी त्याच्यावर खेकसलो. जगाचे जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो मी, बाबांचा टाकून देऊ?

उघडला तर पंख्यात कापसाच्या रुईचा बोळा अडकलेला. ब्रशने सगळं साफ केलं, फुगलेले कपॅसिटर बदलले. जुनी हार्ड डिस्क घरघरत होती, म्हणून तिच्यातलं सगळं नव्या, जराही न घरघरणाऱ्या एसएसडीवर उतरवलं. पंखाही बिनआवाजाचा बसवला. बटण दाबलं आणि बाबांचा पत्त्यांचा डाव पडद्यावर आला. भलताच खूश होऊन मी आईला हाक मारली.

तिने पडद्याकडे पाहिलंच नाही. सवयीने कॅबिनेटवर तळहात टेकवला, जरा दाबून धरला, मग हळूच काढून घेतला.

"हा बी थंड पडला रे," ती म्हणाली.