झुल्याजवळची लाल रेघ

पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर आम्ही पोहोचलो तेव्हा सौंसरवरून नागपूरला जाणारी बस लागलेली होती. आई पुढे, हातात सांबारवडीचा डबा (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात). तिच्यामागे ताई, निऱ्या चिमटीत धरून. सगळ्यात मागे मी, संत्र्यांची पिशवी घेऊन. बाबा जिनिंगच्या कारखान्यात कामाला आहेत आणि कापसाचा हंगाम सुरू झाला होता, त्यामुळे त्यांना येता आलं नाही.

सौंसरच्या पुढे, बोरगाव ओलांडलं की नागपूर रस्त्यावर संत्र्यांच्या बागांमध्ये एक नवं पार्क झालं आहे. सुटीत बाहेरून बरीच कुटुंबं तिथे येतात. कोणता झुला कोणासाठी चांगला, हे अशा कुटुंबांच्या उपयोगी पडेल असं लिही, असं आमच्या सरांनी कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मला सांगितलं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे सर काही लिहायला सांगतात तेव्हा आधी भीती वाटते आणि मग आनंद होतो. एका जाण्यात दोन कामं होतील असं मला वाटलं, कारण त्याच पार्कात ताईला पाहायला नागपूरचे लोक येणार होते.

पार्क त्यांनीच ठरवलं होतं. घरी बसून चहा-पोहे, मुलीला चालायला लावणं हे आता कोणी करत नाही, मोकळ्या हवेत भेटू, मुलगा-मुलगी बोलतील, असं त्यांनी मामाला फोनवर सांगितलं. मला ते फार आवडलं. ताईलाही आवडलं असावं. आदल्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं ब्लाउज शिवला आणि मशीन बंद करताना म्हणाली, "या वेळेस होऊन जाऊ दे वो माय." याआधी झालेल्या पाहण्यांबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नाही.

मी जीन्स आणि ताईनंच शिवलेला कुडता घातला होता. निघताना मी आईला विचारलं, हे चालेल का. आई म्हणाली, "तू काहीबी घाल. तुले कोन पाहाले येऊन राहिलं?"

बसमध्ये ताईनं खिडकीची जागा मला दिली. वाऱ्यानं तिचे केस विस्कटले असते. बाहेर कापूस फुटलेला होता आणि बायका कमरेला ओटे (कापडी झोळ्या) बांधून वेचत होत्या. सौंसरला मामा बसमध्ये चढला. मामानंच हे स्थळ आणलं होतं. चढल्याचढल्या त्यानं ताईच्या पायाकडे पाहिलं.

"उंच टाचेची घातली न?"

"हाव मामा," ताई म्हणाली.

"बढिया. चालताना पडजो नको म्हंजे झालं."

सगळे हसले. ताईही हसली.

पार्कच्या फाटकावर एक हसरं संत्रं उभं आहे, दोन माणसांएवढं, डोक्यावर टोपी घातलेलं. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या चौकीदारानं आईच्या हातातला डबा पाहिला आणि म्हणाला, "माताजी, बाहर का खाना अंदर नहीं जाएगा."

"पाहुन्यांसाठी हाये," आई म्हणाली.

"सबका मेहमान के लिए ही रहता है."

डबा राहिला, संत्रीही राहिली. चौकीदारानं दोन्ही एका फळीवर ठेवली आणि जाताना घेऊन जा म्हणाला. आत गेल्यावर पहिलंच दुकान संत्र्याच्या रसाचं होतं. रस बाटलीतून येत होता. येणाऱ्यांना सांगून ठेवते: भरपेट खाऊन या. तिथले पोहे कोरडे असतात आणि तर्री (पोह्यांवर घालायचा तिखट रस्सा) मागितली तर मिळत नाही.

सगळ्यांच्या मनगटाला केशरी कागदी पट्टा बांधतात. तो असला की संध्याकाळपर्यंत कशातही बसता येतं.

पाहुणे आधीच आलेले होते. मुलगा, त्याची आई, त्याची आत्या, आणि त्याची लहान पुतणी. मुलगा दिसायला साधा होता, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. त्यानं आम्हाला नमस्कार केला आणि मग तो बहुतेक वेळ पुतणीचं बोट धरून राहिला. बोलणं सगळं आत्याबाईंकडे होतं.

"हिला काही कळत नाही हं, हिच्यासाठीच आलोय आम्ही," पुतणीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. "तुम्ही अगदी मोकळं राहा."

मामा माझ्याकडे वळला. "हे आमची कॉलेजवाली. हिले सारे झुले मालूम. चाल, सांग पाहुन्याले कशात बसाचं."

मला काहीच मालूम नव्हतं, पण फाटकाजवळचा नकाशा मी वाचून ठेवला होता. मी त्यांना आधी छोट्या आगगाडीत नेलं.

गाडीबद्दल लिहिते. तिचे डबे संत्र्याच्या आकाराचे आहेत आणि ती हळू चालते. गुडघे दुखणाऱ्यांना आणि तान्ह्या मुलांना बरी. रुळाच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकची झाडं आहेत आणि त्यांना प्लास्टिकची संत्री. कुंपणापलीकडे खरी बाग आहे, त्या दिवसांत फळ पिवळं पडायला लागलेलं होतं, पण कुंपणाला हिरवं कापड लावल्यामुळे ती दिसत नाही. ताई आणि मुलगा एका डब्यात बसावेत म्हणून मामानं बरीच खटपट केली. बसले. पुतणी दोघांच्या मध्ये बसली.

मी मागच्या डब्यात होते. मुलानं विचारलं, "तुम्हाला झुल्यात वगैरे बसायला आवडतं?"

"लहानपनी जत्रेत बसत होती मी," ताई म्हणाली. "आकाशपाळना थांबला की रडत होती. उतरतच नव्हती."

तो हसला. खरंच हसला. मला त्या क्षणी वाटलं, झालं.

टकरीच्या गाड्या मोठ्या मुलांना आवडतील, पण त्यांत साडीचा पदर अडकतो म्हणून ताई बाहेर उभी राहिली. भूतबंगल्यात आत्याबाई म्हणाल्या, "तिला नको, घाबरून चेहरा उतरेल." डोलणाऱ्या जहाजापाशी आईनं ताईकडे पाहून नुसती मान हलवली, केसांसाठी. अशा प्रकारे आम्ही अर्धं पार्क पाहिलं आणि ताईनं गाडीशिवाय कशातही पाय ठेवला नाही. तिच्या हातात सगळ्यांच्या पर्सा होत्या.

मग उंच झुला आला. मधे एक जाड खांब, वर छत्री, छत्रीला साखळ्यांनी टांगलेल्या खुर्च्या. छत्री वर जाते, फिरायला लागते आणि खुर्च्या बाहेर फेकल्या जातात. पुतणीला तोच हवा होता. झुल्याच्या दाराशी एक उंची मोजायची फळी आहे, तिच्यावर तेच हसरं संत्रं रंगवलेलं आणि त्याच्या टोपीपाशी लाल रेघ. रेघेच्या खाली असाल तर आत सोडत नाहीत. तिथल्या माणसानं पुतणीला चप्पल काढून उभं केलं, डोक्यावर हात आडवा धरला आणि म्हणाला, "नहीं, गुड़िया. अगले साल."

पुतणीनं भोकाड पसरलं.

आत्याबाईंनी तिला जवळ घेतलं. "रडू नको गं. बघ, आपण या मावशीचीही मोजू." मग ताईला म्हणाल्या, "ये गं, उभी राहा जरा. हिला वाईट वाटायचं नाही."

नाही कसं म्हणणार. लेकराची समजूत घालायची होती. ताई मला पर्सा देऊन पुढे गेली आणि फळीला पाठ लावून उभी राहिली.

"हिनं चप्पल काढली होती ना," आत्याबाई म्हणाल्या. "तूही काढ बाई. नाहीतर खोटं होईल."

पुतणीचं रडणं तोपर्यंत थांबलं होतं. ती एका पोराचा फुगा पाहत होती.

ताईनं एक चप्पल काढली, मग दुसरी. वाकली तेव्हा फळीचा आधार घेतला. रांगेतले लोक पाहत होते. कोणीतरी मागून म्हणालं, "अरे, दीदी का भी नाप हो रहा है." झुल्यावरच्या माणसानं तिच्या डोक्यावर हात आडवा धरला.

"ठीक है. चलेगा."

"किती वर आहे?" आत्याबाईंनी विचारलं.

"दो उंगल." मग तो ताईला म्हणाला, "मगर साड़ी में नहीं बैठ सकते, दीदी. उधर लिखा है."

तिकडे लिहिलेलं होतं. साडी, ओढणी, सुटे केस यांना मनाई. ताईनं चपला पायात घातल्या. आत्याबाईंनी मुलाच्या आईकडे पाहिलं आणि मुलाच्या आईनं मामाकडे.

"फोनवर तुम्ही मुलाच्या खांद्याला लागते म्हणाला होतात," मुलाची आई हळूच म्हणाली.

"फोटोतही लागत होती," आत्याबाई म्हणाल्या. "सहज म्हटलं हो. आमच्याकडे सगळे उंच, म्हणून."

मुलगा झुल्याकडे पाहत होता. झुला फिरत होता, त्यामुळे त्याला पाहायला काहीतरी होतं.

नंतर आम्ही खायला बसलो. आत्याबाई माझ्याशी फार छान बोलल्या. काय शिकतेस, कोणते विषय, पुढे काय करणार. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे हे सांगितलं, मराठी आवडतं हेही. "तू छान उंच आहेस गं, कोणावर गेलीस?" त्यांनी विचारलं. मला वाटलं, वातावरण निवळतं आहे, आणि ताईसाठी ते निवळावं म्हणून मी जरा जास्तच बोलले. लिहिलेला एक निबंध कोणाला आवडला तेही सांगितलं. ताई शेजारी बसून पुतणीला पोहे भरवत होती.

उठताना मुलाची आई आमच्या आईला म्हणाली, "कळवतो हं." त्यांची गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत मामा हात हलवत होता.

"चाला आता," आई म्हणाली. "बस सुटून जाईन."

ताई जागची हलली नाही. मनगटावरचा पट्टा फिरवत ती म्हणाली, "याच्यावर संध्याकाळपर्यंत लिहिलं हाये."

"मंग?"

"मंग काही नाही." ती माझ्याकडे वळली. "तुझे कपडे दे मले."

पाण्याच्या घसरगुंड्यांजवळ कपडे बदलायच्या खोल्या आहेत, आडोसा चांगला आहे, हेही येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. तिथे ताईनं माझी जीन्स आणि कुडता घातला आणि मी तिची साडी नेसले. तिनंच नेसवली. जीन्स खालून बरीच दुमडावी लागली. केसांचा तिनं घट्ट अंबाडा बांधला. ब्लाउज मला आखूड होता, तिनं पदर ओढून पिन लावून दिली.

झुल्याच्या दाराशी त्या माणसानं तिला ओळखलं. "अरे, आप," म्हणाला, आणि न मोजता सोडलं.

मी खाली आईजवळ उभी राहिले. ताई वर गेली, फिरली, पाय लांब केले. ओरडली नाही. बाकी सगळे ओरडत होते. झुला थांबला तेव्हा ती रडली नाही, पण उतरायला सगळ्यात शेवटी उतरली.

"कसं वाटलं?" मी विचारलं. लेखासाठीच विचारलं होतं.

"वरून साऱ्या बगीच्या दिसते. खाली पाह्यलं तं साडीवाली उभी दिसली." ती हसली. "मले वाटलं, मीच उभी हावो."

फाटकावर डबा आणि संत्री परत मिळाली. चौकीदारानं एक संत्रं खाल्लं होतं आणि तसं सांगितलंही. सौंसरच्या स्टँडवर पांढुर्ण्याची बस लागायची होती, तेवढ्यात मामाचा फोन वाजला. तो बाजूला जाऊन बोलला. परत आला तेव्हा ताईकडे न पाहता आईला म्हणाला, "मोठी स्वभावानं लई चांगली हाये म्हनतात. पन…"

"पन काय?"

"धाकटीचं विचारून राहिले."

मी ताईच्या साडीत उभी होते. कपडे परत बदलायला वेळ मिळाला नव्हता.

"तिचं शिक्षन चालू हाये," आई म्हणाली.

"लग्नानंतर शिकू देतो म्हनतात."

"मामा, नाही म्हणा त्यांना," मी म्हणाले. माझा आवाज मोठा निघाला नाही.

"तू चूप बस. मोठे बोलून राहिले न."

आईनं डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. मग म्हणाली, "घरी बोलून सांगतो म्हना." नाही म्हणाली नाही. मी वाट पाहिली, पण ती तेवढंच म्हणाली.

बसमध्ये ताई खिडकीशी बसली. तिनं डबा उघडून मला सांबारवडी दिली, स्वतः खाल्ली, आणि वाऱ्यानं केस सुटले तरी बांधले नाहीत. तिगावचा फाटा गेला तेव्हा मी म्हटलं, "ताई, मी नाही करणार." ती म्हणाली, "मलेही कोनी विचारलं नव्हतं वो." रागानं नाही म्हणाली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

हे सगळं लिहू का, असं मी तिला विचारलं. "लिही," म्हणाली, "नाव नको लिहू." म्हणून लिहिलं. सरांनी विचारलं होतं, कुटुंबानं कशात बसावं. लहानांनी गाडीत, मोठ्या पोरांनी टकरीच्या गाड्यांत. उंच झुला चांगला आहे, आणि त्याला लागते तेवढी उंची बहुतेक मोठ्या माणसांना असते. मुलगी पाहायला येणाऱ्यांनी मात्र आपल्या घरीच थांबावं. निदान घरी पोहे नीट मिळतात. झुल्याबद्दल माझं स्वतःचं मत मला देता येत नाही, मी त्यात बसले नाही.

घरी आल्यावर मी साडी सोडली. ताईनं ती पलंगावर पसरली, हातानं चुण्या काढल्या, काठाला काठ लावून घडी घातली. मग आमचं कपाट उघडलं आणि ती माझ्या कप्प्यात, पुस्तकांच्या वर ठेवली.